चार नंबर

यंदा धुकं लवकर आलं. परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले तर समोरच्या पार्कातली झाडं नाहीशी झालेली. दूधवाला फक्त खोकल्यावरून ओळखू आला. घरी येऊन मी लोखंडी पेटीतून रजया काढल्या, गच्चीत नेऊन टाकल्या आणि उन्हाची वाट बघत बसले. ऊन साडेअकराला आलं आणि तीनला गेलं. चंदीगडच्या हिवाळ्यात ऊन सरकारी कर्मचाऱ्यापेक्षाही कमी तास काम करतं. त्या साडेतीन तासांत रजया, लोणच्याची बरणी, धुतलेले केस आणि गुडघे, सगळं शेकून घ्यावं लागतं. मी घेतलं.

संध्याकाळी केतकी ऑफिसातून आली. माझी मुलगी आयटी पार्कातल्या एका कंपनीत आहे. बॅगेतून तिने आधी लॅपटॉप काढला, मग तिचा कॉफीचा मग, मग खुर्चीवर टाकून ठेवलेली असायची ती शाल. आदल्या दिवशी तिने टेबलावरचं छोटं रोपटं आणलं होतं.

"हे सगळं घरी का आणतेयस?"

"कुछ नहीं मम्मी, बस ऐसे ही. डेस्क पे बहुत सामान हो गया था."

माझी मुलगी मराठी पूर्ण समजते आणि उत्तर हिंदीत देते. त्यावरून तिला टोकणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. पण हे 'ऐसे ही' मला नवीन नव्हतं. कामावरून माणूस निघायच्या आधी त्याच्या वस्तू घरी यायला लागतात. फार पूर्वी मी काम करायचे त्या शेडमध्ये बायकांनी आधी बसायच्या गाद्या घरी नेल्या होत्या, मग चहाचे स्टीलचे पेले. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. एका सोमवारी सगळे पेले गायब होते आणि सगळ्या जणी कॅन्टीनच्या फुटक्या कपातून चहा पीत होत्या, एवढंच.

तो हिवाळा नेमका कोणता, ते सांगण्यात अर्थ नाही. पंजाब पेटलेला होता त्या वर्षांमधले हिवाळे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. सकाळी पेपर उघडायच्या आधी पहिलं पान बोटांनी झाकायचं आणि खालून वर वाचत जायचं, अशी मला सवय लागली होती. बसमध्ये बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावायचा नाही, हे शाळेतली पोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणायची. अंधाराच्या आत घरी पोचायचं आणि अंधार पाचलाच व्हायचा. त्यामुळे कंपनीने सुट्टीची वेळ साडेपाचवरून चारवर आणली होती. तो दीड तास भरून काढायला सकाळी तासभर आधी बोलावलं आणि जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणली. आयुष्य असं दोन्ही बाजूंनी आत घेतलेल्या ब्लाउजसारखं झालं होतं. शिवण उसवत नव्हती, पण श्वासही पुरता घेता येत नव्हता.

मी मूळची सांगलीची. तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि श्रीकांतच्या केंद्र सरकारी नोकरीपाठोपाठ इकडे आले. सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या. केतकी तेव्हा तीन वर्षांची. मला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत काम मिळालं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणारी कार्डं तिथे बनायची. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. त्यावर मुगाच्या दाण्यांएवढे भाग बसवायचे आणि मागून एकेका पायाला सोल्डरिंगचा थेंब द्यायचा. हे काम सात बायका करायच्या. झालेलं कार्ड माझ्याकडे यायचं. मी ते तपासायचे आणि पास की नापास ते रजिस्टरमध्ये लिहायचे. त्या मला 'निकम मॅडम' म्हणायच्या. त्यांतल्या चौघी माझ्यापेक्षा मोठ्या होत्या.

सगळ्यांत चांगला हात महिंदर कौरचा. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने रुंद, आवाज त्याहून रुंद. थंडीत ती बोटं कापलेले लोकरीचे हातमोजे घालून काम करायची आणि तिचे थेंब एकसारखे पडायचे, माळेतल्या मण्यांसारखे. दिल्लीहून कुणी पाहुणे आले की आमचे प्रॉडक्शन मॅनेजर बत्रा त्यांना थेट तिच्या टेबलापाशी आणून उभे करायचे. महिंदर मान वर न करता म्हणायची, "साब जी, धूप छड्ड के खड़े होवो." प्रकाश अडवू नका. पाहुणे बाजूला सरकायचे.

तिच्या शेजारी वीणा शर्मा बसायची. तेवीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, कामात हळू. हळू म्हणजे आळशी नव्हे, भित्री. हात थरथरायचा आणि थेंब दोन पायांमध्ये पसरायचा. तिचं लग्न ठरलेलं होतं, फेब्रुवारीतली तारीख होती. मुलाकडच्यांना नोकरी करणारी मुलगी हवी होती, हे तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की पॅकिंगवाल्यांनाही पाठ झालं होतं.

कंपनी माणसं कमी करणार, हे पहिल्यांदा कोण बोललं ते कळायला मार्ग नाही. अशा गोष्टींना पहिलं तोंड नसतंच. पण खुणा सगळ्यांनी बघितल्या होत्या. शेडमधल्या तीन हीटरपैकी दोन बिघडले आणि दुरुस्तीला गेले नाहीत. दहाच्या चहाबरोबर मिळणारं बिस्कीट बंद झालं. तपासणीला येणारे सरकारी साहेब यायचे बंद झाले. चंदीगड म्हटलं की त्यांना घरून परवानगी मिळत नाही, असं बत्रा म्हणायचे. मालाचा ट्रक दुपारी दोननंतर निघायला तयार नसायचा. मग एके दिवशी दिल्लीहून दोन माणसं इंचटेप घेऊन आली आणि मशीनांची लांबी-रुंदी लिहून घेऊन गेली.

"मॅडमजी, नाप ले गए हैं," वीणा माझ्या कानाशी येऊन पुटपुटली.

"लै जाण दे," महिंदर पलीकडून म्हणाली. "मशीन दा सूट सिलवाणगे. ब्याह है उसदा."

सगळ्या हसल्या. महिंदरचं हे असंच होतं. नाक्यावर आमची बस थांबवून जवान सगळ्यांना खाली उतरवायचे, डबे उघडून बघायचे. एकदा एका कोवळ्या जवानाने तिच्या पिशवीतल्या लोकरीच्या गुंड्यात बोट खुपसलं, तर ही म्हणाली, "पुत्तर, उधेड़ी ना. दो दिन लग्गे ने." उसवू नकोस, दोन दिवस लागलेत. तो पोरगा लाजला. खांद्याला बंदूक आणि लाजला. आम्ही पुढे गेल्यावर बसमध्ये हसलो, पण मोठ्याने नाही.

त्या दिवसांत बातम्या दोन प्रकारच्या असायच्या. काल कुठल्या गावात काय झालं ही एक, आणि कंपनीचं काय होणार ही दुसरी. दोन्ही एकाच आवाजात सांगितल्या जायच्या, तोंडासमोर शाल धरून. दोन्ही ऐकून झाल्या की लोक "चलो जी" म्हणून कामाला लागायचे. आम्ही शूर वगैरे नव्हतो. दमलो होतो. रोज भ्यायला जेवढी ताकद लागते तेवढी कुणाकडेच शिल्लक नव्हती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेडमागच्या हिरवळीवर उन्हाकडे पाठ करून बसायचो. सोल्डरच्या राळेचा वास केसांना असायचा आणि संत्र्याच्या सालींचा हातांना. सगळ्यांच्या मांडीवर विणकाम. मला विणता येत नव्हतं, म्हणून महिंदरने केतकीसाठी पिवळा स्वेटर सुरू केला होता. "तुहाडी कुड़ी साडी वी कुड़ी," म्हणाली, तुमची मुलगी ती आमचीही, आणि केतकीचं माप विचारायच्या ऐवजी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत वीत टेकवून मोकळी झाली. ती स्वतः दोन वर्षांपूर्वी मोरिंड्याच्या पलीकडच्या गावातून आली होती. गावात नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. त्या भागात संध्याकाळनंतर गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, मग दिवसाही. ते बंद करून दोघं मुलीला घेऊन बावीस सेक्टरच्या एका खोलीत येऊन राहिले. नवरा मेहुण्याच्या दुकानात बसायचा, पण ती उपकार म्हणून ठेवून घेतल्यासारखी नोकरी. घर महिंदरवर चालायचं. मुलगी रूपी, म्हणजे रूपिंदर, बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. शाळेतून घरी येताना ती मुद्दाम वाट वाकडी करून सोळा सेक्टरच्या हॉस्पिटलवरून सायकल काढायची. "गेट गिणदी ए," महिंदर म्हणायची. गेट मोजते. "कहंदी ए मम्मी, मैं तिन्न नंबर गेट तों वड़ांगी." तीन नंबरच्या गेटने आत जाणार म्हणे. गावात त्या वर्षी मुलींनी दहावीनंतरची शाळा सोडली होती, कारण शाळा तालुक्याला होती आणि बसचा भरवसा नव्हता. म्हणजे महिंदरची नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर गाव, आणि गावात बारावीची परीक्षा नव्हती. हिशेब इतका सरळ होता. मार्च तीन महिन्यांवर होता.

आता त्या नंबरांचं सांगते.

प्रत्येकीला एक नंबर होता, एक ते सात. महिंदरचा चार, वीणाचा सहा. आपण केलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात आपल्या नंबरचं बारीक गोल लेबल चिकटवायचं. मी आले तेव्हा एकेका कार्डावर तीन-तीन लेबलं असायची, कारण एकीचं बिघडलेलं कार्ड दुसरी दुरुस्त करायची आणि आपलंही लेबल लावायची. मला तो गोंधळ सहन होईना. मी नियम केला. शेवटी ज्याचा हात लागेल त्याचाच नंबर, जुनं लेबल काढून टाका. पहिल्याच महिन्यात रजिस्टर स्वच्छ दिसायला लागलं. मला स्वच्छ रजिस्टर आवडतं, आजही.

झालं असं की बिघडलेली सगळी कार्डं महिंदरकडे जायला लागली. वीणाने थेंब पसरवला की ती कार्ड गुपचूप डावीकडे सरकवायची. बाकीच्याही तेच करायच्या. महिंदर एक हात कपाळाला लावायची, "हाय ओ रब्बा, एह की परौंठा बणाया ई," म्हणायची, जास्तीचं सोल्डर ओढून घ्यायची आणि दहातली सात-आठ कार्डं वाचवायची. जी वाचायची नाहीत, ती माझ्याकडे नापास व्हायची, चार नंबरचं लेबल लावून. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. चार नंबरचं कार्ड नापास झालं की त्याचा अर्थ ते कुणालाच जमलं नसतं, असा आम्ही धरायचो. पण हे रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नव्हता. मीच तो ठेवला नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला पॅकिंगमधली एक बाई हिरवळीवर येऊन बसली आणि म्हणाली, "देख लेना, अब नाम देख-देख के निकालेंगे."

सुया थांबल्या. त्या काळात नाव हा मोठाच प्रकार होता. नाव कळलं की माणूस कोणत्या बाजूचा ते ठरवून टाकायची सवय लोकांना लागत चालली होती आणि बाजू अशी काही नसलेल्या माणसांची पंचाईत व्हायची. पॅकिंगवाली कोणत्या नावांबद्दल बोलत होती ते तिने सांगितलं नाही. महिंदरला वाटलं असेल आपल्याबद्दल, वीणाला वाटलं असेल आपल्याबद्दल. दोन वर्षं त्या दोघी एका डब्यातून लोणचं खात होत्या. त्या दुपारी दोघींनी आपापला डबा आपापल्या मांडीवर ठेवून खाल्ला.

मला त्या दृश्याचा राग आला. आठवड्याभराने बत्रांनी मला बोलावून सांगितलं की वर्षभराचा तक्ता करा, कुणाची किती कार्डं पास, किती नापास, दिल्लीला पाठवायचा आहे. तो कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

"नाम के साथ दीजिएगा," ते म्हणाले.

मी दोन दिवस बसून तक्ता केला. पट्टी लावून रेघा मारल्या. आणि नावं लिहिली नाहीत. फक्त नंबर, एक ते सात. कौर नाही, शर्मा नाही, कुणी कुणाच्या नावाकडे बोट दाखवू शकणार नाही, नुसतं काम बोलेल. वर्षभराचे आकडे उतरवताना चार नंबरच्या रकान्यात नापास सगळ्यांत जास्त येतायत, हे मला दिसलं होतं का? दिसलं होतं. बेरीज दोनदा तपासली, बरोबर आली, पुढे गेले. आकडा बरोबर आहे एवढंच मी बघत होते.

बत्रांनी तक्ता हातात घेतला. "नाम?"

"नावांची गरज नाही, सर. नंबर आहेत. ये ज़्यादा ठीक रहेगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना मुद्दा कळला. त्यांनाही बरं वाटलं असावं. तेही दमलेले होते, रोज दिल्लीचे फोन. "व्हेरी फेअर, मॅडम," म्हणाले आणि न वाचता पाकिटात घातला. संध्याकाळी मी श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." त्या दिवशी मी खूश होते. हे लिहायला जड जातं, पण होते. सगळं शहर नावांवरून भांडत होतं आणि मी एक कागद असा केला होता की ज्यावर नावच नव्हतं.

मग दोन आठवडे धुकं. सकाळची बस अर्धा तास उशिरा यायची आणि ड्रायव्हरचा जोडीदार दारात उभा राहून रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी बघत "सिध्धा, सिध्धा, थोड़ा खब्बे" असं ओरडायचा. शेडच्या पत्र्यावरून थेंब गळायचे. उरलेल्या एका हीटरभोवती आळीपाळीने हात शेकायचे. कुणी कुणाशी भांडत नव्हतं, कुणी फार बोलतही नव्हतं. पिवळ्या स्वेटरची एक बाही झाली.

यादी एका सकाळी टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली. दिल्लीने नंबर पाठवले होते, इथे टाइम ऑफिसने त्यांची नावं करून टाइप केली होती. आमच्या विभागातून तिघी. दुसरं नाव महिंदर कौर.

ते नाव वाचून बाकीच्या हसल्याच. महिंदर सगळ्यांत मोठ्याने. "टैप करण वाले नूं ऐनक लवाओ." टाइप करणाऱ्याला चष्मा द्या. वीणासुद्धा हसत होती, आपलं नाव नसल्याच्या आनंदात जरा जास्तच. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच हाताने पट्टीने आखलेला चौथा रकाना होता.

मी तशीच बत्रांकडे गेले. लेबलांचा नियम सांगितला, डावीकडे सरकवलेली कार्डं सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मैंने तो देखा ही नहीं चार नंबर कौन है. नाम होता तो मैं वहीं काट देता."

"आता काटा."

"काट देता हूँ." त्यांनी यादीची प्रत पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं. "दिल्ली को तीन चाहिए. चार नंबर हटाता हूँ. उसकी जगह बोलिए, कौन?"

ते चिडून बोलत नव्हते. खरंच विचारत होते. पेन कागदावर टेकवून थांबले होते. मला माहीत होतं कोण. सरकवलेल्या कार्डांतली निम्मी सहा नंबरची असायची. सहा म्हणायला किती वेळ लागतो. खिडकीबाहेर पांढरं होतं, काहीच दिसत नव्हतं. मी वीणाच्या फेब्रुवारीचा विचार केला आणि महिंदरच्या मार्चचा, आणि मग कशाचाच केला नाही.

"मॅडम?"

मी काही बोलले नाही. बत्रांनी जरा वेळाने पेनाला टोपण लावलं. मी बाहेर आले.

या गप्प राहण्याला मी पुढे बरीच वर्षं चांगुलपणा समजत होते. एका मुलीचा घास मी काढला नाही, असं. तसं काही नव्हतं. बोलायचं ते तक्त्यात बोलून झालं होतं, आणि ती चूक दुरुस्त करताना जे तोंडाने म्हणावं लागणार होतं ते म्हणायची माझी तयारी नव्हती. कागदावर सात आकडे लिहिणं सोपं होतं. एक आकडा उच्चारणं जमलं नाही.

महिंदरला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी, हिरवळीवर, बाकीच्या आत गेल्यावर. सगळं सांगितलं. तक्ता, नंबर, बत्रांचं पेन. ती विणत होती. टाके मोजत होती म्हणून मध्ये बोलली नाही. ओळ संपवली, सुई फिरवली.

"नां नहीं लिखिया?"

"नाही. मला वाटलं, नाव बघून कुणी..."

"नां हुंदा तां बत्रा मैनूं जाणदा सी." नाव असतं तर बत्रा मला ओळखत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. "चार नंबर नूं कौण जाणदा ए, मॅडमजी?"

मी म्हणाले की माझी चूक झाली. ती म्हणाली, हां, झाली. मी वाट बघत होते की ती काहीतरी विनोद करेल, नाहीतर रब की मर्ज़ी वगैरे म्हणेल. तिने तसं काही म्हटलं नाही. लोकर गुंडाळली, उठली, कमीजला चिकटलेलं गवत झटकलं.

"इक वारी सानूं पुछ लैंदे," म्हणाली. "सत्त जणियां सी. अस्सीं आपे दस्स देंदियां." एकदा आम्हाला विचारलं असतं. सात जणी तर होतो. आम्हीच सांगितलं असतं.

मग ती आत गेली. पुढचे सहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटच्या दिवशी तिने टेबलावरचा बिघडलेल्या कार्डांचा ढीग चारच्या आत संपवला. वीणा तिच्या शेजारी बसून रडत होती आणि महिंदर तिला म्हणत होती, "रो ना, कार्ड ते पाणी पै जाऊ." त्या दिवशी चार नंबरचं एकही कार्ड नापास झालं नाही. मी ते रजिस्टरमध्ये लिहिलं. ते कुणी वाचणार नव्हतं. स्वेटर वीणाच्या हाती आला, दीड बाहीचा. उरलेली अर्धी बाही वीणाने पुरी केली. ती जरा घट्ट झाली. केतकीने तो दोन हिवाळे घातला.

जानेवारीच्या मध्यावर महिंदरने खोली सोडली. जूनमध्ये कंपनीने इथला गाशा गुंडाळला आणि सगळेच घरी बसले, मी, वीणा, बत्रा. म्हणजे कोण तीन, या प्रश्नाचं आयुष्य पुरतं सहा महिन्यांचं होतं. पण त्या सहा महिन्यांत मार्च येऊन गेला. पुढे मला एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळेत काम मिळालं, आम्ही इथेच राहिलो. काही वर्षांनी सगळं शांत झालं. आता मोरिंड्याला बस दर पंधरा मिनिटांनी जाते. मी त्या गावाला जाऊन चौकशी केली नाही. कारण साधं आहे. विचारलं की उत्तर मिळतं. सोळा सेक्टरच्या हॉस्पिटलात जायची वेळ येते तेव्हा मात्र नर्सच्या छातीवरची नावाची पट्टी वाचल्याशिवाय राहवत नाही. रूपिंदर नावाच्या आजवर तिघी भेटल्या. तिघींचं वय जुळत नव्हतं. कोणत्या गेटने आत जायचं ते मी कधी ठरवत नाही, पण तीन नंबरच्या गेटने जात नाही.

काल संध्याकाळी केतकी जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या हाताखाली पाच जण आहेत. मी कुकर लावत होते.

"काय करतेयस?"

"बैंगलोर वालों ने मँगवाया है. टीम की शीट. किसने कितने टिकट क्लोज़ किए."

"तिकीट?"

"कस्टमर की कम्प्लेंट, मम्मी. जो सुलझाए उसके नाम पे चढ़ती है."

"आणि अवघड असली तर?"

"वो सुमित ले लेता है. उसको ऐसी चीज़ों में मज़ा आता है. दो-दो दिन लगा रहता है एक पे."

"मग सुमितच्या नावावर किती?"

तिने पडद्यावर बघितलं. बोट खाली सरकवत नेलं. मग थांबलं.

"सबसे कम," म्हणाली.

मी तांदळात पाणी घातलं. तिला महिंदरची हकीकत सांगावी असं मनात आलं, आणि सांगितली नाही. ती म्हणाली असती, मम्मी, वो टाइम ही अलग था. ते खरंही आहे.

"पाठवायच्या आधी त्यांना विचार," मी म्हटलं.

"किनको?"

"त्या पाच जणांना. कोण कुणाचं काम करतो ते."

"ऐसे थोड़ी पूछते हैं! एचआर ने साफ बोला है, टीम को पता नहीं चलना चाहिए. मेरी भी तो नौकरी है, मम्मी."

"आहे," मी म्हटलं. तिचं बरोबर होतं. मी तेव्हा तिच्याएवढीच होते, दोन-तीन वर्षांनी मोठी.

तिने लॅपटॉप मिटला. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. गॅलरीचं दार उघडलं आणि थंड हवा पार स्वयंपाकघरापर्यंत आली. एरवी मी ओरडले असते की दार लाव.

"हाँ सुमित, फ्री है?" तिचा आवाज आला. "नहीं-नहीं, कुछ हुआ नहीं. यार, एक बात पूछनी थी."

कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती. मी गॅस बंद केला.